बसायची मशीन

माझ्या बाबांना सगळं येत होतं, फक्त बसता येत नव्हतं. म्हणजे जेवायला पाटावर बसायचे, बिडी ओढायला उकिडवे बसायचे, त्याची काही अडचण नव्हती. पण समोरून कोणी पॅन्टवाला आला की त्यांचे गुडघे आपोआप सरळ व्हायचे. पोस्टमन आला, बाबा उभे. एसटीत मास्तर चढले, बाबा उभे, मग तालुक्याच्या कोरपन्यापर्यंत दांडी धरून लोंबकळत. माय म्हणायची, "ह्यायले खुर्ची टोचते वो, खरंच टोचते." अशा माणसाच्या नशिबी बसून चालवायची मशीन यावी, याला काय म्हणावं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता केस पिकले, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, तरी कळलेलं नाही. हे प्रकरण लिहायला घेतलं ते काही कळलं म्हणून नाही.

आम्ही सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. कॉलनीत म्हटलं की लोकांना बंगला वाटतो, म्हणून सांगून टाकते, गेस्ट हाऊसच्या मागे माळ्याची एक खोली होती, वर टिनाचं छप्पर, पुढे मेंदीचं कुंपण. सगळ्यावर राखाडी धूळ. माय रोज सकाळी तुळशीचं एकेक पान ओल्या फडक्याने पुसायची आणि कारखान्याच्या चिमणीकडे बघून असं काही पुटपुटायची की मी कानावर हात ठेवायचे. दुपारी जेवणाच्या वेळेला खाणीत सुरुंगाचा बार उडायचा. मांडणीवरचे जर्मनचे डबे किणकिणायचे, ताटातली अंबाडीची भाजी हलायची, आणि बाबा एका हाताने ताट धरून दुसऱ्या हाताने भाकर मोडत राहायचे. या बाराची आणि शिफ्टच्या भोंग्याची इतकी सवय होती की सुटीच्या दिवशी शांत शांत वाटून मायला जेवण जायचं नाही.

बाबा गेस्ट हाऊसच्या बागेचे माळी. बागेत तीन हिरवळी होत्या, त्यातली एक चांगलीच उतरती. ढकलायच्या मशीनने पाच गडी आठवडाभर गवत कापायचे, कडेकडेने बाया विळ्याने. इकडची शेवटची हिरवळ होईस्तोवर तिकडची पहिली पुन्हा घोट्याला लागायची. अशात एका पावसाळ्याच्या शेवटी ट्रकमधून लाकडी पेटी उतरली. फळ्या काढल्या, तर आत लाल रंगाचं, पिवळ्या सीटचं, ट्रॅक्टरचं बारकं पिल्लू. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बाबांनी चपला काढल्या आणि त्याच्याभोवती एक चक्कर मारली. प्रदक्षिणाच ती, दुसरं काय!

बागेचे सुपरवायझर देवाळकर म्हणून होते. माणूस वाईट नव्हता, पण सतत घाईत. ते बाबांना म्हणाले, "लहानुभाऊ, हे पाच जणांचं काम एकटी करते. बाकीच्यायले खाणीवर लावतो. तू जुना माणूस हायस म्हणून तुले बसवून राह्यलो. दसऱ्यानंतर मोठे पाहुणे येणार हायत, तवापर्यंत मशीन तुह्या हातात बसली पाहिजे. नाई बसली तर खाणीवरचा ट्रॅक्टर ड्रायव्हर आणाव लागन. अन् मंग खोली त्यालेच द्या लागन, समजलं?" बाबा "हाव साहेब" म्हणाले. खोली गेली की आम्हाला गावी जावं लागणार होतं. गाव नाल्यापलीकडे. तिथून कोरपन्याच्या कॉलेजला रोज येणं जमणारं नव्हतं, म्हणजे खोलीबरोबर माझी बारावी सायन्सही जाणार होती. हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. मायने त्या रात्री माझी पुस्तकं उगाचच नीट रचून ठेवली, त्यावरून कळलं.

मशीनबरोबर एक इंग्रजी पुस्तक होतं. देवाळकरांनी ते माझ्या हातात दिलं. "तू सायन्सची ना? वाच अन् बापाले सांग." घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, आणि माझं इंग्रजी म्हणजे डिक्शनरीच्या काठीने चालणारं. तरी मी वाचलं. गेरूने खोलीच्या भिंतीवर मराठीत लिहून काढलं. चालू करायच्या आधी डावा पेडल पूर्ण दाबायचा. पात्याचा दांडा बंद. मग किल्ली. सुरू करण्याआधी गवतातले गोटे, काड्या, तारा वेचायच्या. उतारावर आडवं चालवायचं नाही, वर-खाली चालवायचं. ओल्या गवतात नको. पायात बंद जोडे हवेत. एका हिरवळीवरून दुसरीकडे न्यायची तर मधल्या मुरमाच्या रस्त्यावर पातं बंद, पात्याची पेटी वर उचललेली, आणि वेग कासवाचा. वेगाच्या दांड्यावर खरंच वरच्या टोकाला ससा आणि खालच्या टोकाला कासव काढलेलं होतं. माय म्हणाली, "एवढ्या मोठ्या मशीनवर लेकराच्या पुस्तकातले चित्र काऊन?" मलाही माहीत नव्हतं. बाबांना मात्र ते चित्र फार आवडलं. इंग्रजी नको, मराठी नको, ससा दिसला की समजायचं.

आणि बाबा शिकले! मी सांगते, माझ्या हाताखाली पुढे कितीतरी पोरं शिकून गेली, पण इतक्या निगुतीने शिकणारा माणूस मी पाहिला नाही. आठ दिवसांत त्यांनी मशीन अशी हाताळली की हिरवळीवर फिकट-गडद पट्टे पडायला लागले, गेस्ट हाऊसमधले लोक खिडकीत येऊन बघायला लागले. उतारावर वर-खाली, वळताना कासव, सरळ पट्ट्यावर ससा. जोडे घाला म्हटलं तर कॅनव्हासचे जोडे घातले, फक्त नाड्या बांधत नव्हते. का, तर साहेब समोर आला की जोडा पटकन काढता आला पाहिजे. मी ओरडले तर म्हणाले, "घातले ना वो? पुस्तकात नाडीचं लिवलं हाय काय?" नव्हतं लिहिलेलं.

मग मशीन बंद पडायला लागली.

चालता चालता एकदम गप्प. पुन्हा पेडल दाबा, पातं बंद करा, किल्ली फिरवा, की लगेच सुरू, जसं काही झालंच नाही. देवाळकरांनी वर्कशॉपचा मेकॅनिक आणला. त्याने सिमेंटची धूळ म्हणून फिल्टर झटकला, पेट्रोलमध्ये पाणी म्हणून टाकी उपसली, त्याच्यासमोर मशीन तासभर नीट चालली, तो गेला आणि बंद पडली. सगळ्यात जास्त बंद पडायची ती कोपऱ्यातल्या मारोतीच्या पाराजवळ. मायने लगेच ताडलं. "देवासमोरून पातं फिरवत नेता, मंग काय होईन?" नारळ फुटला. चाकाखाली लिंबू ठेवलं. दुसऱ्या दिवशी मारोतीसमोर पुन्हा बंद. आणि कारखान्याच्या मोठ्या साहेबांची जीप गेली की हमखास बंद. देवाळकर वैतागले. "लहानुभाऊ, मशीनलेही साहेबाचं भेव वाटते काय गा? पाहुण्यांसमोर अशी बंद पडली तर माही इज्जत जाईन. चार दिवस देतो. नाई तर ड्रायव्हर बोलावतो." बाबा रात्री जेवले नाहीत. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "माह्याकडून काय चुकते हेच समजून नाई राह्यलं."

मलाही समजत नव्हतं. भिंतीवरचं सगळं पुन्हा वाचलं, पुस्तक उलटं-सुलटं केलं. फिजिक्समध्ये मला बरे मार्क पडायचे, पण देवाला आणि साहेबाला ओळखणारं इंजिन त्या फिजिक्समध्ये नव्हतं. शेवटी कॉलेज बुडवलं आणि सकाळपासून मेंदीच्या कुंपणाआड बसून राहिले. बाबा पट्टे मारत होते. मारोतीचा पार आला. बाबांनी एक हात सोडला, कपाळाला लावला, आणि सीटवरून वीतभर उठले. मशीन बंद. थोड्या वेळाने जीप आली. बाबा उठले, मशीन बंद. मी तिथल्या तिथे कपाळावर हात मारून घेतला. पुस्तकात होतं ते! चालवणारा सीटवरून उठला की मशीन आपोआप बंद होईल. मी वाचलं होतं, पण उठणं म्हणजे उतरून जाणं असं मी धरलं होतं. साहेबाला मान द्यायला माणूस वीतभर उठतो, हे पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि तेवढ्याने मशीन बंद पडेल हे मला सुचलं नव्हतं.

घरी येऊन सांगितलं, तर बाबांचा विश्वासच बसेना. "मी उठतो म्हणून बंद नाई पडत. बंद पडते म्हणून मी उठतो." मी म्हटलं, मी डोळ्यांनी पाहिलं. मग ते वेगळंच बोलले. "मंग काय साहेब येईन अन् मी बसून राहू? देवासमोर बसून राहू? कोणतं वळण होय हे?" मायने निकाल लावला, "सवय करा." झालं, अंगणात तालीम सुरू. बाबा पालथ्या बादलीवर बसले, हातात परातीचं स्टेअरिंग. मी बाबांचाच धुतलेला शर्ट अंगावर चढवून साहेब झाले आणि तुळशीमागून डौलात चालत आले. बाबा उठले. पुन्हा. उठले. माय त्यांच्या खांद्यावर दोन्ही हात दाबून उभी राहिली, तर मायसकट उठले. माय हसून हसून खाली बसली. "अवो, ही तुमची पोरगी होय, साहेब नाई!" बाबाही हसत होते. दहाव्या वेळी मी आले तेव्हा त्यांनी दातओठ खाऊन गुडघे घट्ट धरले, आणि तरी उठले. मग मात्र त्यांचं हसू गेलं. परात खाली ठेवून म्हणाले, "नाई होत वो. आंग ऐकत नाई." तो चेहरा मला बघवला नाही. मला राग आला, पण कोणाचा आला हे तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. बाबांचा, साहेबांचा, की त्या पिवळ्या सीटचा?

पाहुणे यायच्या दिवशी पहाटे मी शेडमध्ये गेले. सीट पुढे उलटवली. खाली दोन वायरींचा एक खटका होता. पुस्तकातल्या चित्रात तो दाखवलेला, आणि त्याच्यासमोर त्रिकोणात उद्गारचिन्ह. तो त्रिकोण मी पाहिला. पाहिला नाही असं आता लिहिता आलं असतं, पण पाहिला. खटक्याची टोपी ओढून काढली, वेणीतली काळी पिन उपसली आणि तिची दोन टोकं टोपीच्या दोन भोकांत खुपसली. आता मशीनला वाटणार, सीटवर कोणीतरी कायमचं बसलेलं आहे. बाबा हवे तितक्यांदा उठोत, इंजिन बंद पडणार नाही. बारावीच्या पोरीला हे जमलं म्हणून मी इतकी खूश झाले की शेडमधून येताना गाणं गुणगुणत होते. बाबांना सांगितलं नाही. म्हटलं, त्यांना वाटू दे, मारोती पावला.

आज मी आयटीआयमध्ये पोरांना मशीन शिकवते. पहिल्या दिवशी मी त्यांना कोणतंही यंत्र चालू करायला शिकवत नाही, ते आपणहून बंद का पडतं ते शिकवते. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

पाहुण्यांच्या गाड्या आल्या तेव्हा बाबा उतरत्या हिरवळीवर वरून खाली येत होते. सकाळची वेळ, गवतावर दव होतं. खाली गुलाबाच्या वाफ्याजवळ माय गोटे वेचत बसली होती, मशीनकडे पाठ करून. कुंपणाशी उभी राहून मी बघत होते. बाबा उठले. कपाळाला हात लावला. मशीन चालूच! मी मनात टाळी वाजवली. आणि मग जे मी धरलंच नव्हतं ते झालं. एरवीच्या एका साहेबापुरते बाबा वीतभर उठायचे. आज सात-आठ साहेब होते. एवढ्यांसाठी उठून भागत नाही, उतरावं लागतं, जोडा काढावा लागतो. इतके दिवस उठलं की मशीन थांबायचीच, त्यामुळे ती थांबली का हे बघायची बाबांना गरजच वाटली नाही. ते सरळ उतरले, डाव्या पायातला जोडा काढला आणि दुसरा काढायच्या आधीच हात जोडून उभे राहिले. मशीन एकटीच पुढे निघाली, पातं फिरत, उताराने, मायच्या पाठीकडे.

मी ओरडले. मायला ऐकू गेलं नाही, इंजिनाचा आवाज तर चालूच होता. आणि आवाज चालू आहे म्हणजे नवरा नीट काम करतोय, असं समजून ती निवांत होती. बाबांनी वळून पाहिलं. मग ते धावले. पन्नाशीचा माणूस, एका पायात जोडा, एक पाय उघडा, असे धावले की मी तसं धावणं पुन्हा कधी बघितलं नाही. मागून सीट धरली, चढायला गेले, दवावर घसरले. डावा पाय पात्याच्या पेटीखाली गेला. तरी हात पुढे टाकून त्यांनी किल्ली फिरवली. मशीन मायपासून चार पावलांवर थांबली. आवाज थांबला तेव्हा माय वळली. बाबा गवतात बसले होते आणि पाहुण्यांसमोर बसल्याबद्दल माफी मागत होते. "साहेब, उठता नाई येऊन राह्यलं," असं ते म्हणत होते.

दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारची.

चंद्रपूरच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आणि देवाळकर आले. साहेब हिंदी बोलायचे. खाटेजवळ उभे राहून त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "लेकिन तुम उतरे क्यों? हमने तो देखा भी नहीं था तुमको." बाबा साहेबांकडे बघत राहिले, न समजल्यासारखे. इतकी वर्षं ते ज्यांच्यासाठी उठत होते, त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मग देवाळकरांनी खिशातून माझी पिन काढली. "सीटखाली हे कोणी लावलं?" बोलायचं होतं. शप्पथ सांगते, बोलायचं होतं, ओठ उघडलेही होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मी लावलं साहेब. बंद पडे म्हणून लावलं." देवाळकरांनी बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पिन खाटेच्या कठड्यावर ठेवून दिली. आणि मी ओठ मिटून घेतले.

ट्रॅक्टर ड्रायव्हर आला, पण त्याचं घर कोरपन्यातच होतं, त्याला खोली नको होती. बाबांना रोपवाटिकेत घेतलं. पिशव्यांत माती भरायची, बसून करायचं काम. खोली राहिली, माझी बारावी झाली, पुढचंही झालं. म्हणजे मी ज्यासाठी ती पिन लावली ते सगळं मिळालं. हे लिहिताना माझं मलाच कळत नाही की हे सांगतेय का कबूल करतेय. बाबांनी मला कधी काही विचारलं नाही. माझ्या पिनेबद्दल त्यांना खरंच माहीत होतं, की मारोतीने किंवा मेकॅनिकने काही केलं असं समजून ते कोणालातरी वाचवत होते? मी त्यांच्या जागी दहा उत्तरं ठेवून पाहिली. एकही नीट बसलं नाही. बारा-तेरा वर्षं मी घरी आले की पहिली नजर त्यांच्या डाव्या पायाकडे जायची, आणि ते तो पाय हळूच धोतराखाली ओढून घ्यायचे.

आयटीआयच्या नोकरीचा हुकूम हातात आला त्या दिवशी मी गावी गेले. तोवर बाबा-माय गावातल्या घरी राहायला गेले होते. बाबा ओट्यावर बसले होते, तुरीच्या शेंगा सोलत. मला बघून भिंतीला हात टेकत उठायला लागले. "मास्तरीणबाई आल्या," म्हणाले. थट्टाच करत होते, पण उठत खरे होते. आठ बोटांवर तोल सांभाळत, हळूहळू, माझ्यासाठी. माझ्याने राहवलं नाही. अंगणातच रडत ओरडले, "बाबा, बसा! ती पिन मी लावली होती. मी लावली होती ती पिन!" शेजारची म्हातारी बाहेर आली. माय हातातलं पीठ घेऊन दारात आली.

बाबा अर्धवट उठलेले तसेच थांबले. मग डोक्यावरची टोपी काढली आणि पार गुळगुळीत टाळूवरून हात फिरवला. म्हणाले, "पोरी, तवा तरी होते काय माह्या डोक्यावर केस?"

देवाळकरांनी दवाखान्यात त्या टाळूकडेच बघितलं होतं, हे मला तेव्हा, अंगणात उभं राहून समजलं. म्हणजे बाबा आणि देवाळकर, दोघांनाही माहीत होतं. फक्त मीच समजत होते की माझं गुपित आहे. मी विचारलं, मग तुम्ही काही बोलला कसे नाहीत, इतकी वर्षं? बाबा परत खाली बसले, मांडी घालून, ऐसपैस, आणि शेंगांची टोपली बाजूला सारून ओट्यावर जागा केली.

"उभी काऊन राह्यली?" ते म्हणाले. "बस."